बसायची जागा

हेडक्लार्कनं लाकडी फूटपट्टीच्या टोकानं माझ्या खुर्चीवरची उशी उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मी पाणी प्यायला गेलो होतो. परत आलो तर माझी उशी हवेत.

उशी म्हणजे हौसाचं जुनं लुगडं. हौसा माझी बायको. लुगड्याची घडी घालून तिनं आत थोडा कापूस भरला होता आणि कडेनं टाका घातला होता.

"हे कुणाचं बाळंतपण चाललंय इथं?" हेडक्लार्कनं विचारलं.

सगळे हसले. टायपिस्ट बाईंनी मान खाली घातली, पण त्यांचेही खांदे हलत होते.

मी म्हणालो, "दुखतं साहेब."

"कुठं?"

मी उशीकडे हात केला.

"सांग ना कुठं दुखतं ते. सरकारी खुर्ची टोचते का? तुमच्या लोकांना उकिडवं बसायची सवय. खुर्ची कशी सोसणार?"

पुन्हा हशा झाला. आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. पुढचं सगळं सांगण्याआधी हे सांगून टाकतो. मी हसलो. दात दाखवून हसलो. त्यानं उशी फरशीवर टाकली, ती मी वाकून उचलली, झटकली, पिशवीत कोंबली आणि तशाच लाकडी खुर्चीवर साडेपाचपर्यंत बसलो. बाकीच्यांना तो 'तुम्ही' म्हणायचा. मला 'तू'. त्याबद्दलही मी कधी काही बोललो नव्हतो.

ही गोष्ट सत्तर सालच्या आसपासची. मुलुंडच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो. खातं कुठलं ते सांगत नाही. राखीव जागेवर लागलो होतो. परीक्षा देऊन लागलो होतो, पण त्यातलं पहिलं सगळ्यांच्या लक्षात होतं, दुसरं कुणाच्याच नाही. माझा बाप गोदामात हमाल. कुणा साहेबापुढं बसून बोललेला मी त्याला कधी पाहिला नाही. मला नोकरी लागली तेव्हा त्यानं एकच विचारलं, "खुर्ची हाय का?" मी हाय म्हटलं. तर तो वस्तीभर सांगत फिरला.

आमची खोली घाटकोपरला, डोंगराच्या उतारावर. तिथून आग्रा रोडनं मुलुंडपर्यंत मी रोज सायकलनं जायचो. विक्रोळी, कांजूर, भांडुप. जाताना तासभर, येताना तासभर. सायकल जुनी. सीटची स्प्रिंग तुटलेली आणि पुढचं नाक वर उचललेलं. ते नाक खाली करून घ्यावं, हे दोन वर्षांत कधी सुचलं नाही. आपल्याला मिळालेली वस्तू अशीच असते असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी दुखणं सुरू झालं. आधी मुंग्या यायच्या. मग जळजळ. मग असं वाटायला लागलं की सुपारीएवढा खडा आत अडकलाय आणि मी त्याच्यावर बसलोय. कुठं, तर पुढची जागा आणि मागची जागा यांच्या मधे. बसल्यावर पाच-दहा मिनिटांत सुरू व्हायचं आणि तासाभरात डोळ्यांपुढं आकडे हलायला लागायचे. उभा राहिलो की कमी. आडवा झालो की जवळजवळ नाहीच. उकिडवा बसलो तरी फारसं दुखत नसे. खुर्ची आणि सायकल, एवढ्यावरच दुखायचं. म्हणजे हेडक्लार्क जे बोलला ते माझ्या शरीरापुरतं खरं होतं. म्हणून ते जास्त लागलं.

वस्तीतल्या डॉक्टरनं उष्णता म्हणून पुड्या दिल्या. सब्जा खाल्ला, ताक प्यायलो. काही नाही. मग रजा घ्यायची तर कचेरीच्या ठरलेल्या डॉक्टरचा दाखला लागायचा, म्हणून त्याच्याकडे गेलो. त्यानं मला हात लावला नाही. टेबलाच्या पलीकडूनच विचारलं, कुठं दुखतं. मी खाली बोट केलं. त्यानं माझं आडनाव पुन्हा एकदा वाचलं.

"बाहेर जातोस का?" त्यानं विचारलं.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, सगळे नाहीच म्हणतात. आणि चिठ्ठी लिहून दिली. एका मोठ्या इस्पितळातल्या गुप्तरोग विभागाच्या नावानं. वर म्हणाला, "बायकोलाही ने. दोघांचं रक्त तपासल्याशिवाय दाखला मिळणार नाही."

हौसाला तेव्हा पाचवा महिना होता. मी तिला नेलं.

हे लिहिताना अजून हात थांबतो. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो असतो, माझं दुखतंय, माझं तपासा, तिचा काय संबंध. पण डॉक्टरनं सांगितलं आणि मी ऐकलं. सांगितलेलं ऐकायचं एवढंच मी शिकलो होतो. हौसाला म्हणालो, साधी तपासणी आहे. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, केसात फूल घातलं. इस्पितळात जायचं म्हणून.

त्या विभागाच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी होती. तिला वाचता येत नव्हतं. पण रांगेतली माणसं बघून तिला कळलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि केसातलं फूल काढून मुठीत धरलं. आमचा नंबर आला तेव्हा कागद भरणाऱ्या माणसानं तिला सगळ्यांसमोर विचारलं, "नवऱ्याशिवाय आणखी कुणी?"

"न्हाई," ती म्हणाली.

मी भिंतीकडे बघत उभा होतो. भिंतीवर काही नव्हतं.

दोघांचं रक्त निर्दोष निघालं. तसा कागद मिळाला. वर विभागाचं नाव, खाली माझं नाव, त्याखाली तिचं. तो मी रजेच्या अर्जाला जोडला, कारण जोडायलाच हवा होता. तो हेडक्लार्कच्या टेबलावर दोन दिवस पडून होता. निर्दोष हा शब्द शेवटच्या ओळीत होता. तिथपर्यंत कुणी वाचलं नाही. विभागाचं नाव सगळ्यांनी वाचलं.

त्या आठवड्यापासून चहाचा माझा कप वेगळा झाला. कान तुटलेला कप. कचेरीत चहा आणणारा गडी तो वेगळ्या फळीवर उपडा ठेवायचा. जात म्हणून जे त्यांना उघड करता येत नव्हतं, ते आता रोग म्हणून करता आलं. मी त्या कपातून चहा प्यायलो. रोज प्यायलो.

कचेरीतून घरी गेलो की मी कुणाशी बोलत नसे. हौसानं जेवायला वाढलं की ताट घेऊन उभ्यानं जेवायचो. एकदा ती म्हणाली, थोडं बसा तरी, मी धरते तुम्हाला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मी विचारलं, "तुझ्याकडून तर नाही ना आलं हे?"

कागदावर निर्दोष लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. तरी विचारलं. जे माझ्यावर ओतलं गेलं ते मी सगळं तिच्यावर ओतलं. ती उठून चुलीपुढं जाऊन बसली. बाळंतपणापर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिच्या बाजूनं मला एक शब्दही सांगता येत नाही, कारण तिनं एक शब्दही काढला नाही.

बाळंतपण अवघड गेलं. घाटकोपरच्याच एका प्रसूतिगृहात. मूल अडलं, चिमटा लावावा लागला. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला मी गेलो आणि नेहमीसारखा पलंगाजवळ उभा राहिलो. हौसा थकलेली होती. पण डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. चार महिन्यांत तशी बघितली नव्हती.

ती म्हणाली, "अवो, चिमटा लावायच्या आदी त्यांनी मला सुई दिली. खाली. तर ज्या जागंला तुमी दुखतं म्हंता, बरुबर तीच जागा सुन्न झाली. वर न्हाई, खाली न्हाई. तेवढीच. मी डाक्टरीणबाईला इचारलं, ही कंची शीर? बाप्यालाबी आस्ती का?"

मी इकडेतिकडे बघितलं. शेजारच्या पलंगावरच्या बायका ऐकत होत्या. मी म्हणालो, हळू बोल.

"हळू कशाला? ती म्हनली, आस्ती. म्हनली, घिऊन ये."

मी म्हणालो, बायकांच्या दवाखान्यात मी कसा जाऊ. हौसानं मुलीला दुसऱ्या कुशीवर घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "त्या दुसऱ्या दवाखान्यात मी आले न्हवते का?"

दोन दिवसांनी मी गेलो. बाकावर पोटुशा बायका, त्यांच्या शेजारी मी एकटा पुरुष, आणि मलाच बसता येत नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तीस वर्षांच्याही नसतील. त्यांनी मला खोलीत घेतलं, दार लावलं आणि बसा म्हणाल्या नाहीत. उभ्या उभ्याच बोला म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणी सगळं विचारलं. कधी दुखतं, कधी थांबतं, सायकल चालवता का, किती, सीट कशी आहे. उकिडवं बसल्यावर दुखतं का, हेही विचारलं. मी नाही म्हणालो तर त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. हसल्या नाहीत.

मग त्यांनी आठवड्यातून एकदा तिथं येणाऱ्या सर्जन डॉक्टरांना बोलावलं. वयस्क गृहस्थ. त्यांना यात फारसं काही वाटत नव्हतं, ते दिसत होतं. बाईंनी त्यांना कुठं दाबायचं ते सांगितलं. त्यांनी हातमोजा घालून आतून तपासलं. एका ठिकाणी, आत हाडाचं टोक आहे तिथं, बोट टेकलं आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो बाहेर बाकापर्यंत गेला असेल.

"इथंच?" सर्जननी विचारलं. दुसऱ्या बाजूला दाबलं. तिथं काही नाही. पुन्हा पहिल्या जागी. पुन्हा तेच.

बाई म्हणाल्या, तिथून एक शीर जाते. हाडाजवळच्या अरुंद जागेतून. ती दबलेली असावी. बायकांना आम्ही तिथंच भूल देतो. पुरुषांमध्ये या दुखण्याबद्दल पुस्तकात फार लिहिलेलं नाही, माझीही खात्री नाही. पण तुम्हाला तीच सुई देऊन बघू. दुखणं थांबलं तर कळेल.

सुई दिली. थोड्या वेळानं ती जागा जड झाली, मग नाहीशी झाली. बाईंनी एक लाकडी खुर्ची मागवली. म्हणाल्या, बसा आता. मी बसलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी खडा शोधत होतो. खडा नव्हता. मग ती खुर्ची उचलून मी हौसाच्या पलंगाजवळ नेली आणि मुलीला मांडीवर घेऊन बसलो. दोन तास बसलो. मुलीला बसून मांडीवर घेतलं ते पहिल्यांदा. मी रडलो. हौसा रडली नाही.

सुईचा अंमल संध्याकाळपर्यंत उतरला आणि दुखणं परत आलं. ते येणार हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाल्या, खोटं सांगत नाही, ते इथं कुणी करत नाही, आणि केलं तर सुधारेलच असं नाही. "तुमचं तुम्हालाच सांभाळायला शिकावं लागेल. शीर दाबू नका. कशानं दबते ते शोधा."

मी शोधलं. एक वही केली आणि कशानं किती वेळात दुखतं ते लिहायला लागलो. सायकल पहिल्या दिवशी सोडली. बसनं जायला लागलो, जागा असली तरी उभा. बसायचं ते वीस मिनिटं, मग उठायचं. फायलींचे गठ्ठे उचलले की दुसऱ्या दिवशी वाढायचं, म्हणून गठ्ठे सोडून एक-एक फाईल. पोट साफ नसलं, जोर करावा लागला, की वाढायचं. म्हणून जेवणात बदल. घरी आलो की आधी कुशीवर आडवं व्हायचं, गुडघे थोडे पोटाशी घेऊन. उशी तर चूकच होती. मऊ कापूस खाली दबायचा आणि मधला भाग वर येऊन तिथंच टोचायचा. हौसानं काथ्याच्या गादीचे दोन जाड तुकडे कापले आणि मधे चार बोटं मोकळी सोडून एकाच खोळीत शिवले. भार दोन्ही बाजूंच्या हाडांवर, मधे पोकळी. त्याच्यावर मला चाळीस मिनिटं बसता यायला लागलं. कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं ते. तिनं माझं बसणं बघून केलं.

दुखणं गेलं नाही. पण ते कधी येणार आणि कशानं जाणार हे मला कळायला लागलं.

दोन्ही डॉक्टरांनी सही करून इंग्रजीत पत्र दिलं. रोग संसर्गाचा नाही, शीर दबल्यानं वेदना होतात, सलग बसवू नये, अधूनमधून उभं राहून काम करू द्यावं. मी ते हेडक्लार्कला दिलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि बाकीच्यांसाठी मराठीत सांगितलं. मग साहेबांच्या केबिनमध्ये घेऊन गेला. तासाभरानं मला बोलावणं आलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते मला 'तुम्ही' म्हणाले. म्हणाले, उभं राहून कारकुनी होत नाही. शिपायाची एक जागा रिकामी आहे, ते काम उभ्याचंच. तुम्ही स्वतःहून विनंती अर्ज करा, मी मंजूर करतो, सगळ्यांची सोय होईल. अर्ज टाईप होऊन तयार होता. फक्त सही बाकी होती. मजकुरात लिहिलं होतं की माझी प्रकृती लिपिकपदाच्या जबाबदारीस असमर्थ आहे.

मी पेन हातात घेतलं. टोपण काढलं. खोटं कशाला सांगू, मी सही करणार होतो. नावाचं पहिलं अक्षर काढलंसुद्धा.

हेडक्लार्क शेजारी उभा होता. तो साहेबांना म्हणाला, "नाहीतरी त्या जागेचं दुखणं घेऊन चारचौघांत बसणं बरं दिसत नाही."

त्या जागेचं. बाप आठवेल असं वाटलं होतं. आठवला नाही. हौसा आठवली. कागद भरणाऱ्या माणसाला ती सगळ्यांसमोर न्हाई म्हणाली होती. प्रसूतिगृहात ओल्या बाळंतिणीच्या अंगानं तिनं डॉक्टरला विचारलं होतं, ही कंची शीर. ज्या गोष्टीबद्दल ती दोनदा उघड बोलली, तिचं नाव मी दीड वर्षं एकदाही घेतलं नव्हतं.

मी पेन ठेवलं. म्हणालो, "सही करणार नाही."

साहेबांनी विचारलं, का. केबिनचं दार उघडं होतं. बाहेर टायपिंग थांबलं होतं. मी आवाज खाली आणला नाही.

"माझं लिंग आणि गुदद्वार यांच्या मधली शीर दबली आहे. हा गुप्तरोग नाही. कुणाला लागत नाही. माझ्या हाताला, डोळ्याला, डोक्याला काही झालेलं नाही. मी कारकून म्हणून लागलो. कारकुनाचंच काम करीन. उभा राहून करीन. काम राहिलं तर काढून टाका."

साहेबांची मान खाली गेली. हेडक्लार्क म्हणाला, "इथं बायका आहेत."

"आहेत," मी म्हणालो. "त्यांना कळतं."

बाहेर आलो. रेकॉर्डच्या खोलीत छातीइतकं उंच लाकडी कपाट होतं. त्याच्यावरची धूळ पुसली, माझं रजिस्टर आणलं, दौत आणली आणि उभा राहून नोंदी करायला लागलो. अक्षर वाकडं आलं. त्या पानावर ते अजून वाकडंच असेल. दुपारी चहा आला तेव्हा मी गड्याला सांगितलं, सगळ्यांचा कप असेल तर दे, नाहीतर चहा नको. त्यानं हेडक्लार्ककडे बघितलं आणि किटली घेऊन पुढं गेला. मी तीन वर्षं कचेरीत चहा प्यायलो नाही.

मेमो आले. लेखी उत्तरं दिली. काम एक दिवस मागं ठेवलं नाही, त्यामुळं त्यांना पुढं काही करता आलं नाही. बढतीत दोघे जण माझ्या मागून येऊन पुढं गेले. त्याचीही लेखी कारणं मी मागितली.

हे सगळं झालं, पण हौसाला मी विचारलेल्या त्या प्रश्नाचं काय? तो तसाच होता. मुलगी रांगायला लागली तेव्हा एका रविवारी मी हौसाला म्हणालो, माझं चुकलं. तिथं नेलं ते चुकलं आणि घरी विचारलं तेही.

हौसा तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"माफीचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्या कागदावर माझं नाव हाय. ते काढा तिथनं."

तो कागद माझ्या फायलीत होता. त्या विभागाचं नाव, खाली तिचं नाव. नवा कुणीही साहेब आला की फाईल उघडणार आणि ते वाचणार. मी अर्ज केला. हेडक्लार्क म्हणाला, फायलीतलं पान काढता येत नाही. मी म्हणालो, तसा नियम लेखी द्या. दिला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज केला. तो निवृत्त झाला. साहेब बदलले. मी दर महिन्याला अर्ज करतो आहे. आता सातवं वर्ष चालू आहे.

हल्लीचे हेडक्लार्क मला 'तुम्ही' म्हणतात. भले गृहस्थ आहेत. त्यांनी परवा मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की अर्ज मंजूर होऊ शकेल, फक्त त्यातलं एक वाक्य काढा. कचेरीच्या अर्जात असं कुणी लिहीत नाही. वाचणाऱ्याला अवघड होतं.

ते वाक्य असं आहे: माझ्या पत्नीचा या दुखण्याशी काहीही संबंध नसताना, मला सांगण्यात आले म्हणून, मी स्वतः तिला तेथे नेले.

मी त्यांना सांगितलं, वाक्य राहील. आणि ते पान निघेपर्यंत अर्जही येत राहील.